कोरड्या डोळ्यांची ओवी

सकाळी चूल पेटायच्या आधी चांगुणा ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं पापण्या सोडवायची. रात्रभरात त्या खळ लावल्यागत चिकटून जायच्या. आधी उजवी सुटायची, मग डावी. सुटल्या की ती मान खाली घालून जमिनीकडंच बघत राहायची, कारण कोवळा उजेडसुद्धा तिच्या डोळ्यांत सुईसारखा शिरायचा.

तिची थोरली नणंद रंगुबाई हे रोज बघायची.

"डोळ्यात वाळू गेल्यागत वाटतंय वन्सं," चांगुणा म्हणायची.

"गोदावरीच्या काठाला ऱ्हातो आपुन. वाळू जानार न्हाई तर काय गहू जानार?" रंगुबाई हसून म्हणायची. "धूर लागला असंल. एरंडेलाचं बोट फिरव."

चांगुणाचा नवरा आसाराम बैल सोडता सोडता म्हणायचा, "समद्याच बायांचे डोळे चुलीपायी लाल असत्यात." आणि तो मळ्याकडं चालू लागायचा. वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बाई असते. तिचं दुखणं सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि म्हणूनच ते कुणाला दिसत नाही!

रंगुबाई विधवा. दहा वर्षांपासून पुणतांब्याला भावाच्या घरीच होती. तिची गावात दोन गोष्टींसाठी ख्याती. एक रडणं, दुसरी ओवी. कुणाच्या घरी माणूस गेलं की बाया म्हणायच्या, "रंगुआक्का आली का?" ती आल्याशिवाय रडण्याला सूर लागायचा नाही. ती उंबऱ्यातच हेल काढायची, गळ्यात पडायची, आणि तिच्या डोळ्यांतून अशी धार लागायची की समोरच्याच्या खांद्यावरचं लुगडं भिजून जावं. त्यात लबाडी नव्हती. तिला खरंच रडू यायचं. पण इतक्या वर्षांत तिच्या मनानं एक हिशेब पक्का धरला होता, की जेवढं पाणी तेवढी माया.

ओवीचं म्हणाल, तर जात्याला हात लावला की तिच्या ओठांवर नवी ओळ फुटायची. सकाळी तिनं म्हटलेली ओवी दुपारी शेजारच्या लंकाबाईच्या जात्यावर आणि दोन दिवसांनी वेशीबाहेरच्या वस्तीवर ऐकू यायची.

अशीच एक ओवी दोन वर्षांपूर्वी निघाली होती.

एकोणसत्तर सालच्या वैशाखात चांगुणाची एकुलती एक लेक, मुक्ता, कोपरगावजवळच्या एका वस्तीवर दिली. पाठवणीची वेळ झाली. बैलगाडी दारात उभी. मुक्तानं आईच्या गळ्यात हात टाकले आणि ती हुंदके देऊन रडू लागली. सगळा मांडव डोळे पुसत होता. चांगुणा मात्र उभी होती तशी उभी. ओठ थरथरत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण डोळे कोरडे ठक्क.

बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. रंगुबाईला घराण्याची लाज वाटली. तिनं घाईघाईनं आत जाऊन कांद्याची एक फोड आणली आणि पदराआडून वहिनीच्या हातात दाबली.

"लाव डोळ्याला. लोक बघत्यात!"

चांगुणानं मूठ उघडून फोड खाली टाकली. "माझ्या लेकीसाठी खोटं रडू व्हय वन्सं?"

गाडी गेली. एक बैल धुळीनं की कशानं, डोळ्यांतून पाणी गाळत चालला होता. ते चित्र रंगुबाईच्या मनात रुतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, रागाच्या भरात, जात्याच्या घरघरीवर तिच्या तोंडून ओवी निघून गेली:

*लेक चालली सासरी, आसू आला बैलाला*
*कोरडी गं तिची आई, पाझर न्हाई डोळ्याला*

ओवी चांगली जमली होती, हेच वाईट झालं. महिन्याभरात ती गावच्या साऱ्या जात्यांवर फिरू लागली. पाणवठ्यावर चांगुणाचं नाव 'कोरडी' पडलं. "कोरडी आली, घागर सरकवा," असं कुणी म्हणालं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. चांगुणा ऐकायची आणि घागर भरून निघून यायची. तिनं जात्यावर गाणं मात्र सोडून दिलं. ती एकटीच दळायची, मुक्यानं.

मुक्ता पहिल्या पंचमीला आली नाही. दिवाळीला आली नाही. दुसऱ्या वर्षीही निरोप तोच, की घरी काम आहे. आणि एकाहत्तर सालच्या माघात एक वेगळाच निरोप आला. मुक्ताला पाचवा महिना लागला होता. पण पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. मुक्तानंच सांगून धाडलं होतं, "आईला कशाला तरास?"

पहिलं बाळंतपण माहेरी! कुणब्याची लेक कितीही लांब दिलेली असो, पहिल्या वेळेला ती आईच्या हाताखाली यायची. आणि इथं लेक सांगते, आईला कशाला त्रास!

चांगुणा त्या दिवशी भाकरी थापता थापता दोनदा पाणी प्यायली आणि हातातली भाकरी तव्याऐवजी जाळात टाकली. तिला तवाच नीट दिसला नव्हता.

त्याच आठवड्यात गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. दवंडी ऐकून रंगुबाई निघाली, कारण तिला सुईत दोरा ओवता येईना. एकटीनं कसं जायचं म्हणून तिनं चांगुणालाही ओढत नेलं.

वर्गातले बाक भिंतीला लावले होते. फळ्यावर कालच्या गणिताची अर्धवट पुसलेली बेरीज होती. त्याखाली बसले होते गाडेकर डॉक्टर, साठीला टेकलेले, खेड्यातच वाढलेले. त्यांनी रंगुबाईला चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि सहज मागं उभ्या असलेल्या चांगुणाकडं पाहिलं.

"बाई, तुम्ही सारख्या पापण्या का मिटता? बसा बघू इथं."

"तिला काय झालं न्हाई," रंगुबाई म्हणाली. "चुलीचा धूर, दुसरं काय."

"ते डोळ्यांनाच विचारू की," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बॅटरी लावून नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "घास गिळताना पाणी लागतं का हो?"

"भाकरी पान्याबिगर उतरतच न्हाई डाक्टर."

"आणि रडू येतं तेव्हा डोळ्यांत पाणी येतं?"

वर्गात इतर बाया होत्या. चांगुणानं खाली बघत पदराचा काठ बोटाला गुंडाळला. 

"यायचं पयलं," ती अखेर म्हणाली. "सासूबाई गेल्या तवा शेवटचं आलं. त्याला सा-सात वरसं झाली. आता गळा भरतो, छाती भरती, पार हितवर येतं," तिनं गालाच्या हाडाला हात लावला, "आन् हितंच आडतं. मग डोळ्यांची आग आग हुती."

रंगुबाईनं मान वर केली. सहा-सात वर्षं? म्हणजे मुक्ताच्या पाठवणीच्या कितीतरी आधीपासून!

डॉक्टरांनी नर्सबाईंना खूण केली. त्यांनी टीपकागदाच्या दोन बारीक पट्ट्या आणल्या, बोटाएवढ्या लांब. पट्टीचं टोक दुमडून चांगुणाच्या दोन्ही खालच्या पापण्यांत अलगद अडकवलं. "डोळे मिटून पाच मिनिटं बसा."

"ह्ये काय?" रंगुबाईनं विचारलं.

"डोळ्यात पाणी किती आहे ते हा कागद सांगतो."

"मग मलाबी लावा!" रंगुबाई पुढं सरसावली. "गावात माझ्यावानी पानी कुनाच्या डोळ्याला न्हाई. कुनालाबी इचारा."

सगळा वर्ग हसला. डॉक्टरही हसले. "लावा हो यांनाही. मुकाबलाच होऊ द्या."

नणंद-भावजय एका बाकावर शेजारी शेजारी बसल्या, डोळे मिटून, पापण्यांत कागद लोंबत. रंगुबाईची पट्टी मिनिटाभरातच भिजू लागली आणि पाच मिनिटांत टोकापर्यंत ओलीचिंब झाली. डॉक्टरांनी दोघींच्या पट्ट्या काढून तळहातावर ठेवल्या. चांगुणाच्या पट्ट्या दुमडलेल्या टोकाशी नखाएवढ्यासुद्धा ओल्या नव्हत्या. दुकानातून आणाव्यात तशा कोऱ्या!

मग डॉक्टरांनी चांगुणाच्या डोळ्यांत रंगाचा थेंब टाकून पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बाई, जातं दाणे न घालता रिकामंच फिरवलं तर काय होतं?"

"दगडाला दगड घासंल," चांगुणा म्हणाली. "कच निघंल."

"तुमच्या डोळ्यांत तेच चाललंय. पापणी दिवसभर बुबुळावर फिरते. मधे ओल असेल तर ती गुळगुळीत फिरते. तुमच्या डोळ्याचे पाण्याचे झरे आटलेत, म्हणून बुबुळावर ओरखडे उठलेत. असंच चालू दिलं तर एखादा ओरखडा चिघळेल, पांढरं फूल पडेल, आणि मग नजर जाईल. डोळे कोरडे पडणं हा आजार आहे. हा स्वभाव नव्हे!"

'कोरडे.' तोच शब्द! रंगुबाईच्या ओवीतला शब्द डॉक्टरांच्या तोंडात होता, पण तो किती निराळा वाजला!

"पन डाक्टर," ती चाचरत म्हणाली, "मानसाला दुक झालं तर पानी येनारच की. माया असंल तर..."

डॉक्टरांनी ती कोरी पट्टी तिच्यापुढं धरली. "आक्का, हा कागद पाणी मोजतो. दुःख मोजत नाही. दुःख मोजायचा कागद अजून निघालेला नाही, आणि आपण गावातल्या माणसांनी तो निघालाय असं समजून चालू नये. विहिरीला पाणी नसलं म्हणून शेतकऱ्याला तहान नाही असं म्हणाल का?"



डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. दिवसातून सहा वेळा दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. हात धुवायचे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, थेंब त्यात सोडायचा. नळीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. बाटली उघडल्यावर महिन्यानं टाकून नवी घ्यायची. काजळ, एरंडेल, मध, कांदा, काही म्हणजे काही घालायचं नाही. "आणि थांबवायचं नाही. बरं वाटलं तरी नाही. रोज जेवता ना, तसंच हे रोजचं. पंधरा दिवसांनी आग कमी होईल. दोन महिन्यांनी पुन्हा येईन, तेव्हा दाखवा."

पण कधीकधी एक शब्द सगळं बिघडवून टाकतो. औषधाच्या टेबलाशी कंपौंडर बसला होता, थट्टेखोर. त्यानं चांगुणाच्या हातात बाटली ठेवली आणि रांगेतल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घ्या मावशी, नकली आसवं! आता पाहिजे तेवढं रडा!"

रांग खदाखदा हसली. चांगुणाची बोटं बाटलीभोवती आवळली. घरी येऊन तिनं ती भिंतीतल्या देवळीत ठेवली, तेलाच्या बुधल्यामागं, आणि परत तिकडं पाहिलं नाही.

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. बाटलीचं बूच उघडलं नाही. पापण्या तशाच चिकटत होत्या. डावा डोळा तर आता दिवसाही अर्धाच उघडायचा.

"अगं घाल की औशीद," रंगुबाई म्हणाली. "डाक्टर काय म्हनला, ऐकलंस ना? फूल पडंल."

"पडू द्या."

"पडू द्या? आंधळी हुशील, आन् मग मला भाकरी कोन करून घालंल?" रंगुबाईनं थट्टेत घ्यायचा प्रयत्न केला.

चांगुणा हसली नाही. "वन्सं, त्या दिशी तुमच्या कांद्याला न्हाई म्हनले म्या. माज्या लेकीपुढं खोटं पानी नको म्हनून. समद्या गावानं नाव ठिवलं, ते ऐकून घेतलं. आन् आता बाटलीतली नकली आसवं घालू? मुक्ताच्या कानावर गेलं तर ती काय म्हनंल? आई आता इकत आनून रडती!"

"अगं ते रडायला न्हाई, बघायला हाय!"

"तुमाला म्हाईत, मला म्हाईत. गावाला कोन सांगनार? गावाची तर ववी झाली."

रंगुबाईला ते झोंबलं. ती ओवी कुणाची, हे चांगुणाला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असणारच. एकाच घरात, एकाच जात्यावर जन्मली होती ती. आणि दोन वर्षांत या बाईनं एकदासुद्धा तोंडावर म्हटलं नव्हतं, की वन्सं, हे तुम्ही केलंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याचा आवाज आला. रंगुबाई उठून गेली. चांगुणा एकटीच दळत होती. रंगुबाईला वाटलं, हात लावावा. ती समोरच्या बाजूला बसू लागली.

"नगं वन्सं," चांगुणा चटकन म्हणाली. "तिथं नगं. ह्या अंगाला बसा."

पूर्वीही ती असंच म्हणायची. रंगुबाई समजायची, ताठा आहे, माझा हात लागलेला हिला चालत नाही. पण आज ती थांबली आणि दिव्याच्या उजेडात तिनं नीट पाहिलं. जात्याची समोरची बाजू स्वच्छ सारवलेली होती. तिथं एक लहान पाट ठेवला होता. मुक्ताचा. चांगुणाची मूठ खुंट्याच्या पार खाली होती. आई खाली धरायची आणि मुक्ता वर. लहान होती तेव्हापासून तसंच. दोन वर्षांत चांगुणाचा हात त्या वरच्या जागेवर गेलाच नव्हता. खुंट्याचा खालचा भाग हातानं घासून तेल लावल्यागत चमकत होता, आणि वरच्या भागावर पिठाची करडी पुटं चढली होती.

अगं बाई!  सगळा गाव हिच्या डोळ्यांत पाणी शोधत होता. आणि ही रोज पहाटे इथं, लेकीची जागा राखून, दोघींचं जातं एका हातानं ओढत होती! मी तर गळ्यात पडले, लुगडी भिजवली, आणि घरी येऊन पोटभर जेवले. ही दोन वर्षं जेवली तरी का धड?

त्या सकाळी रंगुबाईला रडू आलं, पण ती मोठ्यानं रडली नाही. तिला आपल्याच रडण्याची लाज वाटली.

शिबिरात डॉक्टरांनी टाकून दिलेल्या पट्ट्यांतल्या दोन तिनं पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. एक स्वतःची, एक चांगुणाची. का आणल्या, ते तेव्हा तिला सांगता आलं नसतं. आता कळलं. तिनं आसारामला सांगितलं, "मी कोपरगावला जाऊन येते, चष्म्याचं बघते," आणि एसटीत बसली.

उसाच्या गाड्यांमागून धूळ खात ती मुक्ताच्या वस्तीवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. मुक्ताची सासू बायडाबाई दारात धान्य पाखडत होती. "या विहीणबाई," म्हणून तिनं पाणी दिलं आणि मायलेकींसारखं बोलता यावं म्हणून सूप घेऊन मागच्या दारी गेली.

मुक्ता भिंतीला टेकून बसली होती. चेहरा भरला होता, डोळे ओढलेले.

"आईनं धाडलं का तुला?"

"न्हाई. तिला ठावंबी न्हाई." रंगुबाईनं पदराची गाठ सोडली. "तुला एक दाखवायला आनलंय. डाक्टरानं आमच्या दोघींच्या डोळ्यांत कागद लावलं. माझा कागद पार भिजून चिंब झाला. आन् तुझ्या आईचा कोरा ऱ्हायला. डोळ्यातलं झरंच आटल्यात तिच्या, सात वरसं झाली. आजार हाय तो. ह्ये बघ."

तिनं दोन्ही पट्ट्या तळहातावर ठेवल्या. आणि तिचा हात तसाच राहिला.

दोन्ही पट्ट्या कोरड्या होत्या. सारख्याच पांढऱ्या, सारख्याच चुरगळलेल्या.

"आईची कंची?" मुक्तानं विचारलं.

रंगुबाईनं पट्ट्या उलटल्या, पालटल्या, उजेडाला धरल्या. "मलाबी वळखू यीना गं," ती खुळ्यासारखी म्हणाली. आठ-नऊ दिवसांपूर्वीचं पाणी! ते कधीच उडून गेलं होतं. तिची जन्माची मिरास, गावभर गाजलेली आसवं, त्यांचा एक डागसुद्धा मागं उरला नव्हता.

आता पुरावा कसला दाखवायचा? आता फक्त खरं बोलणं उरलं होतं.

"मुक्ते, ती ववी म्या केली."

"कंची ववी?" मुक्तानं विचारलं.

"बैलाला आसू आला ती. दुसऱ्या कुनी न्हाई. म्याच."

"आत्या..." मुक्ता म्हणाली. "ती ववी हितवर आलीय. सासूबाईंना म्हाईत बी न्हाई कुनावरची ती. पयल्या सालीच त्यांनी जात्यावर म्हनली, आन् मी समोर बसून खुंटा वढीत हुते. म्या म्हनलं, चार गावच्या बाया म्हनत्यात म्हंजी खरंच असंल. आईला मी जड झाले असंल. मग कोन्या तोंडानं येऊ माहेरी?"

रंगुबाईला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. तिनं जात्यावर फिरवलेला शब्द या पोरीच्या काळजावर फिरला होता. दोन वर्षं, रोज पहाटे!

मग तिनं सगळं सांगितलं. कांद्याची फोड सांगितली. 'माझ्या लेकीसाठी खोटं रडू व्हय' हे सांगितलं. देवळीतली बाटली सांगितली. आणि शेवटी जातं सांगितलं. सारवलेली जागा, लहानगा पाट, खुंट्याची वरची करडी मूठ.

"मला सुद्धा बसू देत न्हाई तिथं. म्हनती, तिथं नगं वन्सं."

मुक्तानं दोन्ही हात पोटावर धरले.  मग तिनं डोळे पुसले आणि मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "सासूबाई! सातव्यात मला माहेरी धाडाल का?"

मागून बायडाबाईचं उत्तर आलं, "आगं, म्या कधी नगं म्हनले? तूच अडून बसलीस की!"

चैत्रात आसाराम गाडी घेऊन गेला आणि लेकीला घेऊन आला. चांगुणा दारात उभी होती, भाकरतुकडा ओवाळायला हातात घेऊन. मुक्ता उतरली. कुणी हेल काढला नाही. मुक्तानं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या लाल, कोरड्या डोळ्यांत नीट बघितलं. घरात असं कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"आये, लई दुकत्यात का गं?"

चांगुणानं मान डोलावली. "लई दुकत्यात," ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदाच तिला हे कुणी विचारलं होतं.

मुक्तानं हात धुतले. देवळीतून बाटली काढली. "मान वर कर."

"अगं, नकली आसवं ती. लोक..."

"नकली कशी? रांजनातलं पानी आन् नदीचं पानी, तहानेला दोन्ही सारखंच. तू माझ्यासाठी रडावंस म्हनून न्हाई घालत मी. माझं बाळ तुला धड दिसावं म्हनून घालतीया!"

रंगुबाई कंदिलाजवळ खिरीसाठी गव्हाची वळवटं वळत बसली होती. तिच्या डोळ्यांना लगेच धार लागली.

मुक्तानं खालची पापणी ओढली. एक थेंब पडला. चांगुणानं डोळा मिटला. थोडं औषध पापणीतून निसटून तिच्या गालावर आलं आणि हनुवटीपर्यंत घरंगळलं. तिनं बोटानं ते टिपलं आणि नवलानं बघत राहिली.

"थंडगार लागतंय गं," ती म्हणाली. मग रंगुबाईकडं बघून पहिल्यांदा हसली. "वन्सं, तुमचं वाया चाललंय. बाटलीत भरून ठिवा, मला म्हैनाभर पुरंल!"

तिघी हसल्या. आणि ओट्यावर बसलेला आसाराम उठला, त्यानं चिठ्ठी टोपीत खोचली आणि म्हणाला, "फुडची बाटली ही सरायच्या आत कोपरगावास्नं आनतो. आन् उद्यापास्नं चूल बाहीर, पडवीत मांडू. धूर उडून तरी जाईल."

पंधरा दिवसांनी चांगुणा सकाळी उठली तेव्हा तिला फडकं लागलं नाही. पापण्या आपसूक उघडल्या. आग पुरती गेली नव्हती, आणि डॉक्टर म्हणाले होते तसं औषध ही जन्माची सोबत होती. पण आता तिला तवा दिसत होता, उंबरा दिसत होता, लेकीच्या चेहऱ्यावरचा तीळ दिसत होता.

त्या पहाटे ती जात्याशी बसली. मुक्ता जडावलेल्या अंगानं हळूच आली आणि समोरच्या पाटावर टेकली. ओढायचं तिनं नव्हतंच, पण खुंट्याच्या वरच्या करड्या मुठीवर तिनं हात ठेवला. रंगुबाई भिंतीशी बसली होती. तिनं घसा साफ केला. आज तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ओठांवर मात्र ओळ होती:

*जात्यापुढं रिती जागा, दोन सालं कुनी राखली*

ती थांबली. पुढची ओळ तिला येत होती, पण ती तिची नव्हती. मुक्तानं आईकडं बघत ती पुरी केली:

*कोरड्या गं डोळ्यांची माझी आई मी वळखली*

ही ओवी पहिल्या ओवीइतक्या लवकर पसरली नाही. चांगल्या गोष्टीला पाय जरा हळूच फुटतात. पण रंगुबाईनं हट्ट सोडला नाही. ती लंकाबाईच्या जात्यावर गेली, वस्तीवर गेली, पाणवठ्यावर गेली, आणि प्रत्येक ठिकाणी आधी स्वतःची चूक सांगितली आणि मग ओवी म्हटली. दोन महिन्यांनी गाडेकर डॉक्टर परत आले, तेव्हा शाळेच्या वर्गात चांगुणाच्या मागं अजून तीन बाया उभ्या होत्या. त्यांच्याही डोळ्यांत कित्येक वर्षं वाळू होती. नाव पडेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

तेव्हा माझ्या बायाबापड्यांनो, गावकऱ्यांनो, ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून त्याच्या पोटातली माया मोजू नका. दुखणं हा कुणाचा स्वभाव नसतो आणि औषध घेण्यात खोटेपणा नसतो. घरातली बाई रोज सकाळी डोळे चोळत उठत असेल, तर तिला धुराचं कारण सांगू नका. तिचा चेहरा हातांत धरा आणि विचारा, दुखतात का गं? आणि तोंडातून शब्द सोडण्याआधी, मग तो ओवीतला असो की चेष्टेतला, एवढं बघा की तो कुणाच्या जात्यावर जाऊन दळणार आहे!